मागच्या दाराचा प्रश्न

या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचतेय ते निव्वळ करमणूक म्हणून, हे आधीच सांगून टाकते. नवरा झोपेत दचकला तर "अपचन" म्हणून कूस बदलणारी मी बाई. चिंचेखाली कुणी उभं दिसलं, विहिरीतून हाक आली... असलं काही सांगणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो – चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. भूत मी पाहिलेलं नाही, आणि दिसलंच तर त्याचीही उलटतपासणी घेईन. पण एक गोष्ट माझ्या बाबतीत भर दिवसा, चांगल्या घोळकाभर माणसांदेखत घडली आणि ती मला सोडवता आली नाही. मला न सुटलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत, म्हणून ही लिहून काढतेय.

मी आदिलाबादला राहते. आजोबा निजामाच्या राज्यात पटवारी होते, तेव्हापासून आमचं बिऱ्हाड इथलंच. काही वर्षं हैदराबादला ई-लर्निंगच्या एका कंपनीत नोकरी केली, आता घरी बसून तेच काम करते. कंपन्या आपल्या कामगारांना कॉम्प्युटरवर किंवा टॅबवर जे धडे देतात, ते बनवायचं काम. धडा संपला की प्रश्न येतात आणि त्यात 'खरं की खोटं' हा माझा हातखंडा प्रकार. पडद्यावर एक वाक्य, खाली दोन बटणं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे बनवतात त्यात आपण वाक्य लिहायचं, खरं की खोटं यातलं बरोबर उत्तर कोणतं ते ठरवून द्यायचं, आणि बरोबर आल्यावर काय ऐकू यावं, चुकल्यावर काय ऐकू यावं, तेही भरायचं. बस्स. पुढे सॉफ्टवेअर सांगितल्या कामाचं. त्याला स्वतःचं मत नसतं, म्हणूनच मला ते बऱ्याच माणसांपेक्षा बरं वाटतं.

नव्या मुली म्हणतात, "ताई, खरं-खोटं तर सगळ्यात सोपं ना?" अजिबात नाही. वाक्याला कुठे फाटा फुटता कामा नये. 'बहुधा', 'सहसा' असले शब्द दिसले की मी काट मारते. माझ्या वाक्याला "तसं नव्हे हो, पण..." म्हणायची सोयच नसते. ऑफिसात माझ्या क्विझमध्ये चूक काढणाऱ्याला मी चहा पाजायचे आणि तो चहा मला फारसा कधी महागात पडला नाही.

तर, जैनथच्या रस्त्याला एक जिनिंग मिल आहे. नाव सांगत नाही. शेतातून आलेल्या कापसातली सरकी, म्हणजे बी, तिथे वेगळी काढतात. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. माझ्या आईचा धाकटा भाऊ दत्तूमामा या मिलमध्ये मुकादम आहे. अर्धं आयुष्य त्याने तिथे काढलंय. रिटायरमेंट दोन-तीन वर्षांवर आलेली. मामाच्या घरी मी लहानाची मोठी झाले म्हटलं तरी चालेल, सुट्टी लागली की आम्ही तिथेच असायचो.

रुईला आग लागायला काही मोठं निमित्त लागत नाही. कापसाबरोबर एखादा खडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली, की झालं. मिलच्या त्या लांबलचक हॉलमध्ये बहुतेक बायका कामाला. पुढे मोठं दार आणि मागच्या भिंतीला एक लोखंडी दार. सगळी यंत्रं पुढच्या बाजूला. म्हणजे आग लागली तर ती पुढेच लागणार, आणि पळायला उरणार ते एकच मागचं दार. मालकाने सेफ्टीचा ठेका एका एजन्सीला दिला, एजन्सीला मराठी-तेलुगू दोन्ही भाषांत धडा हवा होता, मामाने माझं नाव सुचवलं. धड्यात हातमोजे होते, पदर खोचणं होतं, बिडी-काडी बाहेर ठेवणं होतं. पण बाकी सगळं विसरलं तरी चालेल, आगीत कोणत्या दाराकडे धावायचं ते त्या बायकांच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या बायकांत मामाही होता.

दसऱ्याच्या आधी, सीझन सुरू व्हायचा होता तेव्हा, मी फोटो काढायला मिलमध्ये गेले. एजन्सीचा मुआयना, म्हणजे पाहणीही, त्याच सुमारास झाली होती. हॉल रिकामा, मागचं आवार मोकळं, तिथे कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. मागचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं, नियमाप्रमाणे तसंच पाहिजे. मी स्वतः ते ढकललं, बाहेर गेले, शेळ्यांचा फोटो काढला, परत आले. आणि वहीत नव्हे, थेट लॅपटॉपवरच वाक्य लिहून टाकलं – 'आग लागल्यास हॉलच्या मागच्या दारातून बाहेर पडता येते.' उत्तर – खरं.

प्रत्यक्ष धडा बांधायला बसले ती संक्रांतीच्या सुमारास. बऱ्याच बायकांना वाचता येत नाही, म्हणून हिरवं बटण म्हणजे खरं, लाल म्हणजे खोटं, आणि प्रत्येक वाक्य आवाजात. तेलुगू माझ्या शेजारणीच्या आवाजात, मराठी माझ्या. उत्तर बरोबर आलं की माझा आवाज म्हणणार, "बरोबर. शाब्बास." चुकलं की, "चूक. पुन्हा ऐका."

सकाळचे पोहे खाऊन मी सगळी क्विझ चालवून बघत होते. हातमोजे – हिरवं – "बरोबर, शाब्बास." बिडी – लाल – "बरोबर, शाब्बास." मागचं दार... हिरवं दाबलं.

"चूक. पुन्हा ऐका."

मला वाटलं, बोट चुकलं. परत दाबलं. परत चूक. सेटिंग उघडून पाहिलं तर बरोबर उत्तर म्हणून 'खरं'च निवडलेलं. बंद करून उघडलं, तेच. आता हे काही घाबरण्यासारखं नव्हतं, असले किडे रोज निघतात. मी ती स्लाइड उडवली आणि नवी बनवली. तेच. पूर्ण क्विझ नव्या फाइलमध्ये उतरवली. बाकीचे प्रश्न शहाण्यासारखे वागले, हा एक नाही. मग मी मुद्दाम उलटं केलं, बरोबर उत्तर 'खोटं' असं ठरवून दिलं. आता तरी उलटं चालावं की नाही? हिरवं दाबलं, "चूक." लाल दाबलं, "बरोबर, शाब्बास." म्हणजे मी काहीही ठरवून दिलं तरी हे बेटं स्वतःचंच खरं करणार – मागच्या दारातून बाहेर पडता येतं हे खोटं आहे म्हणून. 'मागच्या'च्या जागी 'पुढच्या' घातलं, तर निमूट चाललं. तेलुगू फाइल वेगळी, आवाज शेजारणीचा, तिथेही नेमका हाच प्रश्न अडून बसलेला.

हैदराबादला माझी जुनी सहकारी श्रवंती आहे. तिला फाइल पाठवली. हसत हसत म्हणाली, "तूच उलटं सेट केलं असशील, आता वय झालं तुझं." मग तिने स्वतः तिच्या कॉम्प्युटरवर कोऱ्या फाइलीत तो एकच प्रश्न बांधला आणि तिचं हसू थांबलं. "अगं, हे काय आहे?" म्हणाली. मी म्हटलं, "तेच विचारायला फोन केला होता."

खातरजमा म्हणून मामालाही फोन लावला. मागे यंत्रांचा घरघराट.

"मामा, ते मागचं दार उघडतं ना?"

"मंग! तुह्याच हातानं तं उघडलं होतं. काऊन?"

"काही नाही, माझा कॉम्प्युटर नाही म्हणतोय."

"त्याले म्हना, ये इकडं, दाखवतो," मामा म्हणाला आणि कुणावर तरी ओरडायला निघून गेला.

झालं. वाक्य खरं होतं, मी खरी होते, मामा साक्षीला होता. चूक सॉफ्टवेअरची. फक्त ती सापडत नव्हती आणि ट्रेनिंगची तारीख येऊन ठेपली होती. एजन्सीचे वेंकटेश्वरलू गारू – आपल्याकडे 'राव' तसं तेलुगूत 'गारू' – म्हणजे भला माणूस, पण रिपोर्ट म्हटलं की त्यांचा जीव वरखाली होतो. प्रत्येक कामगाराची सगळी उत्तरं बरोबर आल्याशिवाय टॅब रिपोर्टच बनवणार नाही, ही अट त्यांनीच घातलेली. मी म्हटलं, हा एक प्रश्न तूर्त काढून टाकते.

"नहीं नहीं मॅडम, बॅक डोर तो मेन पॉइंट है. ओक्कटे, एक ही क्वेश्चन है ना, मॅनेज कर लीजिए."

मग मी आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल अशी तोड काढली. ट्रेनिंगला मी स्वतः जाईन. तो प्रश्न आला की बायकांना सांगेन – इथे मशीन बिघडलंय, म्हणून दाबायचं लाल, पण लक्षात ठेवायचं हिरवं. क्विझ पास, रिपोर्ट तयार, सगळे खूश. वेंकटेश्वरलू गारूंना तर ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी मला फोनवर दोनदा थँक्यू म्हटलं.

ट्रेनिंगच्या दिवशी आदिलाबादची ती खास थंडी, दुपार होईपर्यंत शाल उतरवू न देणारी. मिलच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. हॉलला लागून एक शेड आहे, तिथे बायकांची पहिली तुकडी खाली बसली होती, केसांत, भुवयांवर रुई. मामा शेजारी उभा, भाचीचं कौतुक लपवता येत नाही असा चेहरा करून. वेंकटेश्वरलू गारू आणि मिलचा मॅनेजर खुर्च्यांवर. टॅबला इंटरनेट नव्हतं, लागतही नाही, सगळं त्यातच भरलेलं असतं.

बायकांनी धमाल केली. हिरवं-लाल दाबायला भांडत होत्या, "शाब्बास" आलं की टाळ्या. आणि मग तो प्रश्न आला. यमुनाबाई म्हणून जैनथकडच्या एक वयस्क बाई पुढे बसल्या होत्या, त्यांनी ठसक्यात हिरवं दाबलं.

"चूक. पुन्हा ऐका," माझा आवाज म्हणाला.

"बाई, हे यंत्र बिघडलंय," मी समजावलं. "इथे लाल दाबा. पण डोक्यात ठेवा हिरवं. आग लागली की मागच्या दाराने बाहेर पडायचं."

यमुनाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "लाल दाबू, अन् हिरवं ध्यानात ठिवू?"

"हो."

"अन् आग लागल्यावर यातलं कोन्तं आठवन म्हनता?"

बायका हसल्या. प्रश्न रास्त होता, पण मला तेव्हा ते मान्य करायचं नव्हतं. मी म्हटलं, "हिरवंच. चला, दाखवते तुम्हाला." माझं म्हणणं कुणी मशीनपेक्षा कमी खरं धरावं, हे मला खपण्यासारखं नव्हतं. ती सगळी वरात घेऊन मी हॉलमध्ये शिरले, यंत्रांच्या गोंगाटातून मागच्या भिंतीपर्यंत गेले, कडी काढली, आणि दोन्ही हातांनी दार ढकललं.

दार तसूभर हललं नाही.

खांदा लावला. नाही. मामा पुढे आला, "सरक पोरी," म्हणत त्याने लाथ घातली. लोखंडाचा मेलेला आवाज आला, मागे काहीतरी गच्च भरलं असावं असा. मामाचा चेहरा बदलला. तो तसाच पुढच्या दाराने बाहेर पडला आणि सगळा वळसा घालून मागच्या आवारात गेला. परत आला तेव्हा त्याच्या पायांना सरकी चिकटलेली होती.

"सरकी हाय," तो म्हणाला. "दाराच्या वरलोक ढीग लागला."

झालं होतं ते असं. सरकीचा भाव पडला म्हणून मालकाने या वर्षी ती विकायची थांबवली होती. ढीग आवारात वाढत गेला, आणि वाढता वाढता कधीतरी मागच्या भिंतीला टेकला. बाहेर उघडणारं दार ते. बाहेर सरकी टाकणाऱ्या हमालांना रोज ढीग दिसायचा, आत काम करणाऱ्या बायकांना रोज दार दिसायचं. मामाला तर दोन्ही दिसायचं. सीझनमध्ये ते दार कुणी वापरत नाही, म्हणून या दोन गोष्टी कुणाच्याच मनात एकत्र आल्या नव्हत्या. मुआयना झाला तेव्हा आवारात शेळ्या चरत होत्या. माझं वाक्य दसऱ्याच्या आधी खरं होतं. आता नव्हतं.

मी त्या बायकांना तुकडी-तुकडीने या दाराकडे धावायला शिकवणार होते – आणि ते मी इतकं पक्कं शिकवलं असतं, की धुरात डोळे मिटूनही त्या इथेच येऊन आदळल्या असत्या.

मॅनेजर मागोमाग आला होता. त्याने दार पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "तो मशीन सही बोल रही है ना? लाल दबवा दो. रिपोर्ट निकल जाएगी. माल बाद में हटा देंगे."

त्याच्या बोलण्यात खोट काढणं कठीण होतं. उत्तर खरोखरच लाल होतं. वेंकटेश्वरलू गारू आपल्या बुटांकडे बघत होते. मी टॅब बंद केला, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

"हे दार उघडेपर्यंत हा बाहेर येणार नाही," मी म्हटलं. "आणि सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय रिपोर्ट नाही."

"सीझन है मॅडम. इतना माल कहाँ डालूँ? आज लोडर किधर से लाऊँ?" आणि मग तो मामाकडे वळला. "दत्तू, भांजी को समझाओ."

मला एवढ्या वेळात पहिल्यांदा भीती वाटली. माझं काय, मी एक काम सोडून दुसरं धरलं असतं. पण मामाची नोकरी होती, आणि मामा म्हणजे साहेबासमोर टोपी काढून बोलणारा माणूस. इतक्या वर्षांत त्याने मॅनेजरला नाही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे म्हणण्यापेक्षा माझ्या पर्सकडे. मग तो चालत भिंतीपाशी गेला आणि त्याने मेन स्विच पाडला.

जिनिंगचा हॉल बंद पडतो तेव्हा कानांना काही वेळ काही कळत नाही. त्या शांततेत मामाचा आवाज नेहमीपेक्षा बारीक वाटला.

"सायेब, आमी इथंच हाओत. सरकी सरली का चालू करतो."

मॅनेजर बरंच काही बोलला, फोनवर मालकाशीही बोलला. बायका जागच्या हलल्या नाहीत. यमुनाबाईंनी तर दारापाशीच बसकण मारली आणि तंबाखूची डबी काढली. बंद मिलचं प्रत्येक मिनिट महाग असतं, त्यामुळे लोडर सापडला. दुपारपर्यंत ढीग दूर सारला गेला. मामाने दारासमोर चुन्याची रेघ मारून घेतली – इकडे माल नाही, म्हणून. मग त्याने एका हाताने दार ढकललं आणि ते उघडलं. ऊन आत आलं.

मी टॅब काढला. यात मी काही बदललं नव्हतं, बदलता येणारही नव्हतं, लॅपटॉप घरी होता आणि टॅबला नेट नव्हतं. यमुनाबाईंसमोर तोच प्रश्न धरला. मला खात्री होती की आता परत "चूक" येणार आणि मला काहीतरी नवी शक्कल लढवावी लागणार.

त्यांनी हिरवं दाबलं.

"बरोबर. शाब्बास."

टाळ्या वाजल्या. मी मात्र तशीच उभी. हातात टॅब धरून.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. हिरवं – बरोबर. श्रवंतीला फोन करून तिची फाइल चालवायला सांगितली, जिला तिने त्या दिवसानंतर हात लावला नव्हता. "चाललं," ती म्हणाली. "काय केलंस?" मी म्हटलं, "सरकी हलवली." तिला वाटलं, मी चिडलेय.

इथेच संपलं असतं तर मी हे एक गमतीदार प्रकरण म्हणून विसरले असते. पण होळीच्या आधी, एका दुपारी, मी दुसऱ्याच कुठल्या बँकेची क्विझ बांधत असताना मामाचा फोन आला. आवाज घोगरा, ओळखू न येणारा.

"मीनू. मिलमंधी आग लागली. सगळ्या भायेर हाय. मी बी भायेर हाव. घाबरू नको, म्हनून फोन केला."

मी स्कूटी काढली. रस्त्यावरूनच काळा धूर दिसत होता. यंत्रात खडा गेला होता, पुढच्या बाजूला भडका उडाला आणि बघता बघता मोठं दार धुराने भरलं. त्या दाराकडे कुणी गेलंच नाही. अर्धा दिवस भांडून ज्याचा निकाल लावला होता, ते मागचं दार सगळ्यांना पाठ होतं. चुन्याची रेघ जागेवर होती, आवार मोकळं होतं. मामा सगळ्यांत शेवटी बाहेर पडला. त्याच्या भुवया जळल्या होत्या आणि शर्टाची एक बाही.

मी पोचले तेव्हा बायका कडुनिंबाखाली बसल्या होत्या, काळ्या-पांढऱ्या झालेल्या. कुणी रडत होतं, कुणी घरी फोन लावत होतं. यमुनाबाई मात्र संतापल्या होत्या. त्यांचा जेवणाचा डबा आत राहिला होता. "स्टीलचा व्हता बाई, जड. आता तसे येत नाईत." मला त्या डब्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. मी अशी चारचौघांत रडत नाही, माहीत असणाऱ्यांना विचारा. त्या माझ्या पाठीवर थोपटत राहिल्या आणि डब्याचं बोलत राहिल्या.

आता उरलं स्पष्टीकरण. ते मी अर्थातच शोधलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सगळं लिहून पाठवलं, फाइलही पाठवली. त्यांचं उत्तर आलं की फाइल उत्तम आहे, खरं दाबलं की बरोबर येतं. यायचंच, दार मोकळं झालं होतं ना. नवरा म्हणाला, तुझ्या मनाला आतून काहीतरी टोचत असणार, तूच नकळत उलटं सेट करत होतीस. ठीक आहे, माझं मन मान्य. पण श्रवंतीचं मन? तिने आयुष्यात ती मिल पाहिलेली नाही. आणि टॅबला कुणाचं मन होतं? संगणकशास्त्राचा एक प्राध्यापक ओळखीचा आहे, तो म्हणाला "योगायोग". मी त्याला म्हटलं, योगायोग एकदा होतो, दोन भाषांत आणि दोन शहरांत ठरवून होत नाही. वाद मी जिंकला, पण त्याने हातात काही आलं नाही.

मामा बरा होऊन घरी बसला होता तेव्हा मी भेटायला गेले. मिल उभी राहीपर्यंत पगार चालू ठेवू, असं मालकाने कळवलं होतं. मॅनेजर स्वतः येऊन सफरचंदं देऊन गेला होता, आणि मेन पाडल्याचा विषय त्याने काढला नाही. मामी आत अंबाडीची भाजी करत होती. मी मामाला विचारलं, "मामा, त्या दिवशी तू मेन का पाडलास? तुला भीती नाही वाटली?"

भुवया नसल्याने तो लहान मुलासारखा दिसत होता.

"तू तिथं उभी राहून सांगून राह्यली होती का हिरवं खरं हाय," तो म्हणाला. "अन् त्या टॅबातून तुहाच आवाज म्हनत होता, चूक. तुले मी पाळन्यात असल्यापासून वळखतो, पोरी. आपल्याच बोलन्याले 'चूक' असं तू कवाच म्हनली नाई. म्या तवाच मनात म्हनलं, हा आवाज हिचा नोहे."

"अरे मामा, रेकॉर्डिंग माझंच आहे ते. माझ्याच बेडरूममध्ये केलंय."

"असंन," मामा म्हणाला. "मले नाई वाटला."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, माईकचं, टॅबच्या बारक्या स्पीकरचं, यंत्रांच्या गोंगाटाचं. तेवढ्यात मामीने ताटं मांडली आणि मामा पाटावर येऊन बसला. त्याने भाकरी मोडली, भाजीत बुडवली आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. मामीने मिठाची वाटी सरकवली. मी त्याला जेवताना बघत राहिले, आणि ते उत्तर मी दिलंच नाही.